अर्थ सांगण्याचा खेळ

इतिहासाच्या व्याख्यानाला खेळाने आरंभ करावा, हे आपल्यांपैकी काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या खेळाविषयी आम्ही बोलणार आहो, तो खेळता खेळता इतिहासाच्या अभ्यासातील एक मोठी अडचण आमच्या ध्यानात आली. म्हणून आधी खेळ सांगतो आणि मग अडचण सांगतो.

खेळ असा. एकाने शब्दकोश हाती घ्यावा आणि कोणालाही ठाऊक नसेल असा एखादा शब्द त्यातून काढून मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी आपापल्या चिठ्ठीवर त्या शब्दाचा मनाने रचलेला अर्थ लिहावा. कोशवाल्याने खरा अर्थ लिहावा. मग सगळ्या चिठ्ठ्या कालवून त्याने त्या एकाच सुरात वाचून दाखवाव्या आणि प्रत्येकाने खरी चिठ्ठी कोणती ते सांगावे. खरी ओळखली तर गुण मिळतो. आपण रचलेल्या अर्थावर दुसऱ्याने विश्वास ठेवला, तरीही आपल्याला गुण मिळतो. म्हणजे या खेळात ज्ञानाला जेवढे मोल, तेवढेच थापेलाही.

गेल्या दिवाळीत हा खेळ आम्ही घरी खेळलो. शब्द निघाला ‘सहोत्रा’. तीन अर्थ वाचले गेले. पहिला: यज्ञात होत्याच्या शेजारी बसून त्याला साहाय्य करणारा ऋत्विज. दुसरा: सहा बैलांनी ओढावयाचा मोठा नांगर, विशेषतः देशावरील काळ्या जमिनीत वापरला जाणारा. तिसरा: चौथाईच्या उत्पन्नातील शेकडा सहा हा हिस्सा. घरात सात माणसे होती. त्यांपैकी चौघांनी नांगर उचलला, दोघांनी ऋत्विज धरला, आणि एकटाच भाचा तिसऱ्या अर्थापाशी राहिला, तोही ‘उरला तो घेतो’ म्हणून! खरा अर्थ तोच होता. शाहू महाराजांच्या काळी चौथाईच्या उत्पन्नाची जी वाटणी ठरली, तीत शेकडा 25 राजबाबती, शेकडा 6 सहोत्रा, शेकडा 3 नाडगौडा आणि उरलेले शेकडा 66 मोकासा असे भाग होते. पैकी सहोत्रा पंतसचिवांकडे होता. नांगर आमच्या आत्याने रचला होता. आत्याने जन्मात नांगर धरलेला नाही. मग चौघे फसले कशाने? ‘विशेषतः देशावरील काळ्या जमिनीत’ या चार शब्दांनी. ज्याला स्थळ माहीत आहे, त्याला वस्तूही माहीत असणार, असे ऐकणाऱ्याचे मन आपोआप धरून चालते.

हा खेळ मूळचा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या दिवाणखान्यातला. तिकडे जाडजूड कोश घरोघर असत आणि हिवाळ्याच्या लांब रात्रीही असत. 1965 साली तो अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आला आणि त्याच वर्षी बी.बी.सी.ने ‘कॉल माय ब्लफ’ या नावाने तो इंग्लंडात सुरू केला. तिघातिघांचे दोन पक्ष समोरासमोर बसत. एका पक्षातील तिघे एकाच शब्दाचे तीन अर्थ गंभीर चेहऱ्याने सांगत. त्यांतील एक खरा, दोन थापा. विरुद्ध पक्षाने खरा ओळखायचा. फ्रँक म्यूर आणि पॅट्रिक कँपबेल हे दोन विनोदी लेखक पक्षनायक म्हणून त्यात पुष्कळ वर्षे गाजले. हा कार्यक्रम 1988 पर्यंत चालला आणि 1996 पासून काही वर्षे पुन्हा झाला. कॅनडातील दोघांनी 1984 साली हाच खेळ ‘बाल्डरडॅश’ या नावाने पेटीत घालून विकावयास आणला.

खेळात थाप कोणती आणि खरे कोणते, हे शेवटी कोशवाला सांगतो. त्याच्या शब्दावर अपील नाही. परंतु कोशवालाच फसला असेल तर? आमची अडचण येथून सुरू होते, आणि तिचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

इंग्रजी कोशांत ‘अबॅकॉट’ नावाचा एक शब्द होता. अर्थ दिलेला असे: इंग्लंडचे प्राचीन राजे घालीत ती, दुहेरी मुकुटाच्या आकाराची राजटोपी. अर्थ कसा भारदस्त आहे पाहा. राजा आहे, मुकुट आहे, प्राचीनपणा आहे. वास्तविक शब्द होता ‘बायकॉकेट’, म्हणजे एका प्रकारची टोपी. त्याच्या आधीचे ‘अ’ हे उपपद त्याला चिकटले, सोळाव्या शतकातील बखरकारांच्या आणि छापखान्यांच्या हातून मधली अक्षरे झिजली, आणि जगात कधीच नसलेला एक शब्द जन्मास आला. मग एका कोशकाराने तो घेतला, दुसऱ्याने पहिल्यावरून घेतला, तिसऱ्याने दुसऱ्यावरून. जेम्स मरे या महान कोशकाराने 1882 साली ही चूक चव्हाट्यावर आणली, तोवर सुमारे तीनशे वर्षे गेली होती. तीनशे वर्षांत त्या शब्दाचा एखादा खरा प्रयोग दाखवा, असे कोणी म्हटले असते, तर तो तत्काळ उघडा पडला असता.

दुसरे उदाहरण आपल्या देशाशी संबंध असलेले आहे. 1808 साली ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या त्रैमासिकात हिंदुस्थानातील चालीरीतींचा उल्लेख करणारा एक लेख आला. त्यात हिंदू लोकांपैकी काहीजण हातांतून ‘काइम्स’ आरपार घालतात, असे छापले गेले. हे काइम्स म्हणजे काय? हिंदूंचे काही अघोरी हत्यार असावे, असे विलायतेतील वाचकाला सहजच वाटणार. प्रत्यक्षात लेखकाने ‘नाइव्ह्ज’, म्हणजे सुऱ्या, असे लिहिले होते. इंग्रजी लिपीत या दोन शब्दांतील उभ्या रेघा एकमेकींत मिसळल्या की वाचणारा चकतो. आपण येथे ज्याचे नावही ऐकले नाही, ते हत्यार छापखान्याने आपल्या पदरात टाकले! वॉल्टर स्कीट या भाषापंडिताने 1886 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे अध्यक्षीय भाषण करताना अशा शब्दांची यादीच दिली आणि त्यांना ‘भूत-शब्द’ असे नाव ठेवले. देह नाही, पण वावर आहे, म्हणून ते भूत.

पुढे विसाव्या शतकात, कोशकार्य इतके शास्त्रीय झाल्यावरही भुते थांबली नाहीत. 1934 साली अमेरिकेत वेब्स्टरचा प्रचंड कोश निघाला. त्यात ‘डॉर्ड’ हा शब्द होता आणि अर्थ होता ‘घनता’. झाले होते असे की, मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ हे घनतेचे संक्षिप्त चिन्ह, अशी एक चिठ्ठी रसायनशास्त्राच्या संपादकाने 1931 साली दिली होती. ती संक्षेपांच्या गठ्ठ्यात जावयाची, ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. दोन ‘डी’ आणि त्यांच्यामधला ‘ऑर’, म्हणजे ‘किंवा’, हे तिन्ही जोडून एक शब्द झाला. 1939 साली एका संपादकाची नजर गेली ती एवढ्यावरच, की या शब्दाला व्युत्पत्ती दिलेली नाही. ज्याला आईबाप नाहीत, असा हा पाहुणा आला कोठून, असा प्रश्न त्याला पडला आणि भूत सापडले.

ही झाली अजाणता लागलेली भुते. काही मुद्दाम बसवलेलीही आहेत. रूपर्ट ह्यूज या लेखकाने 1903 साली संगीतावर एक कोशवजा ग्रंथ काढला. त्यात अगदी शेवटी एक विचित्र अक्षरांचा शब्द होता, आणि न्यूझीलंडच्या माओरी लोकांचे एक वाद्य असा त्याचा अर्थ दिला होता. त्यांतली काही अक्षरे माओरी भाषेत नाहीतच. तरी 1976 पर्यंत तो शब्द खरा म्हणून नांदला. अलीकडे 2001 साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशात ‘एस्क्विव्हेलियन्स’ असा शब्द संपादकांनी स्वतः रचून घातला. कोणी आपला कोश चोरून उतरला, तर हा शब्द त्याच्याही कोशात जाईल आणि चोर सापडेल, अशी ती युक्ती होती. त्या शब्दाचा अर्थ ठेवला होता ‘आपले कर्तव्य जाणूनबुजून टाळणे’. दुसऱ्याचा कोश न तपासता उतरणाऱ्या कोशकाराला याहून नेमका आहेर कोणता करणार?

एवढ्यावरून कोश टाकाऊ आहेत असे कोणी म्हणेल, तर तो उलटा धडा होईल. कारण या रोगावरचा उपायही कोशकारांनीच काढला. 1857 साली लंडनच्या त्याच फिलॉलॉजिकल सोसायटीने, कोशांत न आलेले शब्द गोळा करण्यासाठी एक समिती नेमली. त्यातून ऑक्सफर्डच्या महाकोशाचा जन्म झाला. ग्रंथ वाचणाऱ्या शेकडो हौशी लोकांनी चिठ्ठ्या पाठवावयाच्या. चिठ्ठीवर शब्द, तो ज्यात आला ते पूर्ण वाक्य, ग्रंथाचे नाव आणि साल, एवढे असलेच पाहिजे. अर्थ त्या वाक्यांवरून संपादकाने ठरवावयाचा. 1879 साली मरे संपादक झाले, 1884 साली पहिला भाग निघाला आणि 1928 साली काम पुरे झाले. मरे तोवर हयात नव्हते. खेळातल्या चिठ्ठीत आणि या चिठ्ठीत फरक एवढाच, की खेळातल्या चिठ्ठीवर अर्थ असतो, वाक्य नसते. पण सगळा इतिहास या एवढ्या फरकात आहे.

आता आपण घरी येऊ. अपरिचित शब्दांचा अर्थ लावण्याचा उद्योग आपल्याकडे इंग्रजांच्या कितीतरी आधी, यास्काचार्यांच्या काळी, शास्त्र म्हणून उभा होता. वेदांतील कठीण शब्दांच्या याद्यांना निघंटू म्हणत. त्यांवर यास्कांनी निरुक्त रचले. त्यांच्यापुढे कौत्स नावाच्या आचार्यांचा आक्षेप होता, की मंत्रांना अर्थच नाही. काणुका यांसारखे शब्द त्यात पुरावा म्हणून पुढे केले आहेत. यांचा अर्थ कोणाला लागतो, ते सांगा! यास्कांचे उत्तर खणखणीत आहे. आंधळ्याला खांब दिसला नाही, तर तो खांबाचा अपराध नव्हे.

परंतु यास्कांच्या ग्रंथात याच विषयावर दोन उपदेश आहेत, आणि ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत असे आम्हांस वाटते. एका ठिकाणी ते म्हणतात, की शब्दाची फोड सहज होत नसेल, तर एखाद्या अक्षराच्या साम्यावरून का होईना, फोड करावी. पण फोड केल्यावाचून राहू नये. दुसऱ्या ठिकाणी ते बजावतात, की संदर्भातून तोडलेल्या सुट्या शब्दाचा अर्थ सांगू नये. पहिल्या उपदेशात आमची आत्या बसली आहे. ‘सहोत्रा’त ‘सहा’ ऐकू आले की सहा बैल जुंपले! दुसऱ्या उपदेशात मरे बसले आहेत. यास्कांसारख्या थोर पुरुषाला दोन्ही सांगावेसे वाटले, यात आम्हांस त्यांचा दोष दिसत नाही. विद्वानाला होणारा मोह किती जुना आहे, ते दिसते. ‘ठाऊक नाही’ हे शब्द ओठांवर येणे फार कठीण. इंग्लंडच्या डॉक्टर जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात घोड्याच्या खुरावरच्या भागाला गुडघा म्हणून टाकले होते. एका बाईने कारण विचारले, तेव्हा त्याने सरळ कबूल केले, की निव्वळ अज्ञान! ही कबुली त्याच्या कोशाइतकीच मोठी आहे.

मराठीपुरते बोलावयाचे, तर आपण दुसऱ्या उपदेशाचे पुष्कळ ऋणी आहो. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश तयार झाला. सुमारे 1,400 शब्दांचा हा कोश दरबारातील फारसी-यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रचलेला. ज्यांना घालवावयाचे, त्या शब्दांची त्यात रांगेने नोंद झाली. आणि गंमत अशी, की आज त्या काळी कोणत्या फारसी शब्दाचा आपल्या दरबारात काय अर्थ घेत, हे सांगणारा तो एक विश्वासू साक्षीदार झाला आहे. पुढे मोल्सवर्थ हा कंपनीच्या सैन्यातला अधिकारी. त्याने पंडितांना हाताशी धरून गावोगावचे शब्द गोळा करविले आणि 1831 साली मराठी-इंग्रजी कोश छापला. 1857 साली, ऑक्सफर्डच्या समितीच्याच वर्षी, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. त्यात म्हणी आहेत, वाक्प्रचार आहेत, बोलण्याच्या लकबी आहेत; म्हणून शब्द सुटा पडत नाही. माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश 1925 साली आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात भाग 1932 ते 1938 या काळात निघाले. आणि या सर्वांना वाक्ये पुरविणारी खाण राजवाड्यांसारख्यांनी खणली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. खेडोपाडी माळ्यांवर, कणगीआड, वाळवीच्या तोंडी पडलेली ही पत्रे वाचावयास मिळाली, म्हणून आज ‘सहोत्रा’ला नांगर म्हणणाऱ्याला आपण थांबवू शकतो.

आता आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी पेशवाईतील लष्करी खर्चावर आम्ही बोलत होतो. एका जमाखर्चात ‘नालबंदी’ या सदराखाली मोठी रक्कम होती. नाल म्हणजे घोड्याचा नाल, बंदी म्हणजे बांधणे. आम्ही सांगून टाकले, की मराठी फौजेत घोड्यांना नाल ठोकण्यावरच एवढा पैसा जाई. त्यावर दख्खनच्या खडकाळ वाटांचे सुंदर वर्णनही केले. टाळ्या पडल्या. व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध निवृत्त शिक्षक जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “रावसाहेब, ही रक्कम घोडी जमण्याच्या आधी दिलेली दिसते. मग नाल कोणाला ठोकले?” आम्ही कागद पुन्हा काढला. गृहस्थ बरोबर बोलत होते. स्वारीवर निघण्यापूर्वी शिलेदारांना तयारीसाठी जी आगाऊ रक्कम देत, तिला तेथे नालबंदी म्हटले होते. आम्ही वाक्य वाचलेच नव्हते. शब्द वाचला होता आणि बाकीचे आमच्या वक्तृत्वाने भरले होते. घरी आत्याने नांगराला काळी जमीन जोडली, तशी आम्ही नालाला खडकाळ वाट जोडली. आत्या निदान खेळत होती. आम्ही इतिहास सांगत होतो.

यात कोणाचे काय बिघडले, असे आपण विचाराल. व्याख्यानात फारसे बिघडत नाही. पण हेच शब्द जेव्हा माणसाच्या पोटाशी बांधलेले असतात, तेव्हा बिघडते. 1852 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले आणि जुन्या सनदा तपासण्यात आल्या. सनदेत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ आहे, की ‘तहहयात’, म्हणजे धारक जिवंत असेतोवरच आहे, यावर कुटुंबाची जमीन राहावयाची किंवा सरकारजमा व्हावयाची. तेव्हा दक्षिणेत अनेक घरांची इनामे गेली आणि त्याची जळजळ पुढे बराच काळ टिकली. अशा वेळी एका शब्दाचा अर्थ म्हणजे एका घराची चूल. तेथे बरा वाटणारा अर्थ चालत नाही, खराच लागतो.

आजही आपल्यांपैकी कित्येकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोडी कागद असतील. मोडी वाचणारे थोडे राहिले आणि वाचलेले समजणारे त्याहून थोडे. दुसरीकडे, विचारताच अर्थ सांगणारी यंत्रे आज हाती आली आहेत. ती खरे सांगतात तेव्हाही त्याच ठाम सुरात सांगतात आणि चुकतात तेव्हाही त्याच. आपल्या खेळातला कोशवाला सगळ्या चिठ्ठ्या एकाच आवाजात वाचतो, तो यासाठीच, की सुरावरून खरेखोटे कळू नये! तेव्हा सुरावर विसंबणाऱ्याने हा खेळ एकदा खेळून पाहावा. किती वेळा आपण नांगर उचलतो, हे मोजावे.

आमचे सांगणे थोडक्यात इतकेच. अर्थ सांगणारा कोणी भेटला, मग तो कोश असो, यंत्र असो की या व्यासपीठावरचा वक्ता असो, त्याला दोन गोष्टी विचाराव्या: हा शब्द कोठे आला आहे, आणि ते अख्खे वाक्य काय आहे? शाळेत आपण सर्वांनी एक प्रश्न सोडविला आहे, ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ तेव्हा तो कंटाळवाणा वाटे. कोशकारांनी तीनशे वर्षे फसून जे शिकले, ते त्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. घरी जुना कागद असेल, तर तो फेकू नका, उन्हात टाकू नका आणि त्यातला एकच शब्द उचलून त्यावर गोष्ट रचू नका. वाचता येणाऱ्याकडे नेऊन तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचवून घ्या. आणि आमच्या बोलण्यात आज एखादा नांगर आला असेल, तर त्या वृद्ध शिक्षकांप्रमाणे जवळ येऊन सांगा. आम्ही कागद बरोबर आणला आहे.